मिशीवाला ड्रायव्हर

निवृत्तीनंतर आठ वर्षं ड्रायव्हरची तब्येत ठणठणीत होती. मग एके दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि असल्या पोटदुखीवर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नसतं. ज्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर त्याने वीस वर्षं काढली, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती एका कंपनीने काढली होती. मोजकेच नग, आणि नंबरही तोच, चारशे बारा. हा ‘उद्या बघू’ म्हणत बसला आणि शेवटचा नग गेला कुणाकडे? तर याच्याच फायरमनकडे! वीस वर्षं ज्याने याच्या हुकमावर भट्टीत कोळसा ओतला, त्याच्याकडे.

“खेळणं तर आहे,” बायको म्हणाली.

“खेळणं? माझं इंजिन आहे ते!”

“मग जाऊन बघून या एकदाचं. घरात नुसते धुमसू नका.”

तो गेला, पण खिशात भिंग घेऊन. कौतुक करायला कोणी भिंग नेत नाही. फायरमनने काचेच्या कपाटातून इंजिन काढून टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या पांढऱ्या झुबकेदार मिशीवरून हात फिरवला. ड्रायव्हरने चाकं मोजली, दांडे तपासले, बॉयलरवरचे रिव्हेटसुद्धा पाहिले. मागच्या डब्यात कोळशाचा खराखुरा चुरा होता. एक खोट सापडेल तर शपथ. खोट सापडेना, तसा तो आणखीच जळू लागला.

आणि मग सापडली. डाव्या खिडकीत, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत, कोपर बाहेर टाकून एक इवलासा माणूस ऐटीत बसला होता. त्याला झुबकेदार मिशी होती.

“हा माणूस कंपनीने दिलाय?”

“नाही. तो मी बसवला. रंगवलासुद्धा मीच.”

“वा! इंजिन नेलंस ते नेलंस, वर माझ्या जागेवरही चढून बसलास?”

“कोण चढलं, साहेब?”

“ही मिशी कुणाची मग? माझी?” ड्रायव्हरने आपल्या गुळगुळीत ओठावर बोट ठेवलं.

फायरमन आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. “अहो, तुमचीच! रिटायर झालात आणि वहिनींनी ती काढायला लावली, विसरलात होय? मला नोकरीत मिशी होती कुठे? भट्टीचं दार उघडलं की करपायची. ही नंतरची हौस.”

ड्रायव्हर खजील झाला. स्वतःचंच तोंड त्याला ओळखता आलं नव्हतं.

“मग तू कुठे आहेस?” त्याने विचारलं.

फायरमनने नखाने केबिनचं छत अलगद उचललं. आत भट्टीपुढे एक माणूस कंबरेत वाकला होता, हातात फावडं, पाठ बाहेरच्या बाजूला. ड्रायव्हरने भिंग लावलं. त्या माणसाचा चेहरा रंगवलेलाच नव्हता.

“चेहरा राहिला तुझा.”

“तो कुणाला दिसला होता? फाटकावरची पोरं हात करायची ते तुम्हाला. तुम्हीही झोकात करायचात. मला खाली नुसता पोरांचा गलका ऐकू यायचा.” फायरमन इंजिनाकडे बघतच बोलत होता. “फार जळायचो हो तुमच्यावर. भट्टीत काय जळेल, तेवढा जळायचो.”

वीस वर्षांत कितीतरी फाटकं गेली. त्यातल्या एकाही फाटकापुरतं ड्रायव्हर खिडकीतून उठला नव्हता, ‘ये, बस जरा’ म्हणाला नव्हता.

फायरमनने छत पुन्हा बसवायला हात पुढे केला.

“राहू दे,” ड्रायव्हर म्हणाला. “उघडंच राहू दे.”