नळीतली उरलीसुरली हवा

तिच्या नवऱ्याला सगळी प्रयोगशाळा निर्वातराव म्हणायची, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. लांबलचक पोलादी नळीतली हवा उपसून टाकणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं काम असं, की त्याच नळीतून आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, झोत सोडायचा आणि चुंबकांनी आवळत आवळत पलीकडच्या टोकाला बारीक करायचा. पुढेमागे असे कितीतरी झोत चहूबाजूंनी इंधनाच्या एका इवल्याशा गोळीवर आदळवायचे, अणू एकमेकांत मिसळवायचे आणि त्यातून ऊर्जा काढायची, असा सगळा मोठा बेत होता. सध्या झोत एकच होता, आणि तो टोकाच्या चकतीतल्या शर्टाच्या बटणाएवढ्या भोकातूनही जायला तयार नव्हता.

तिने चुंबकं पुढे सरकवली, मागे सरकवली, त्यांच्या तारा नव्याने गुंडाळून घेतल्या. झोत आपला फुगलेलाच. शेवटी प्रमुखांनी सौम्य शब्दांत सांगून टाकलं, की शुक्रवारी त्यांच्यासमोर झोत भोकातून गेला नाही तर हे दालन दुसऱ्या गटाला जाईल. दोष चुंबकांचा, म्हणजे तिचा, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण कँटीनमध्ये लोक तिच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले होते.

"गोम तुझ्या चुंबकांतच आहे बघ," निर्वातरावही म्हणायचा, तेही अगदी मायेने. "माझ्या नळीत आता औषधालासुद्धा हवा सापडायची नाही."

ते मात्र खरं होतं. नवा पंप आल्यापासून वर्षभर त्याने त्या नळीचे इतके लाड केले होते, की पोटच्या पोरीने रुसून बसावं. प्रत्येक सांधा स्वतः पुसायचा. हातमोज्यांशिवाय कुणी बोट लावलं की दिवसभर धुसफुसायचा. दाब दाखवणाऱ्या काट्यापाशी त्याने एक लाल रेघ मारली होती. काटा तिच्याखाली उतरेपर्यंत झोत सोडायचा नाही, आणि सोडलाच तर ते मोजमाप धरायचं नाही, असा त्याचा कायदा. तीही ती मोजमापं न बघताच टाकून द्यायची.

बुधवारी सकाळी तो आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सर्व्हिसिंगनंतर पंप नुकताच सुरू झाला होता, काटा अजून बराच वर होता. डोळे वटारायला कुणी नव्हतं आणि तिला धीर नव्हता. तिने भोकाची चकती बाजूला सरकवून झोत सोडला. टोकाच्या काचेवर एक लहानसा, घट्ट, लखलखीत ठिपका उमटला.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा सोडला. तोच ठिपका. मग काटा जसजसा उतरत गेला, तसतसा ठिपका पसरत गेला. लाल रेघेपाशी पोचेपर्यंत तोच ओळखीचा ढब्बू डाग समोर होता.

ती मटकन स्टुलावर बसली. आयन सगळे एकाच भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलणारे. नळीत थोडी हवा उरली असेल तर झोत तिच्यातून इलेक्ट्रॉन उडवतो, आणि उलट भाराचे ते इलेक्ट्रॉन आयनांच्या गर्दीत शिरून त्यांची भांडणं मिटवतात. घरात पाहुणा असला की भावंडं कशी शहाण्यासारखी वागतात, तसंच. निर्वातरावाने सगळे पाहुणे वेचून वेचून बाहेर काढले होते. ही गोष्ट तिने कधीकाळी परीक्षेत लिहिलीसुद्धा होती, पण स्वच्छतेवर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येणार?

तिला नाचावंसं वाटलं, आणि लगेच निर्वातरावाची वर्षभराची मेहनत आठवली. काहीतरी निमित्त काढून शुक्रवारी झोत लवकर सोडायचा आणि श्रेय चुंबकांना द्यायचं, असा मोह तिला झाला. तसं केलं असतं तर खरं कारण त्याला कळलंही नसतं.

दुपारी तो आला, आईचा दात वाचला म्हणून खुशीत. दोघांनी डबे उघडले.

"एक सांगायचंय. चिडू नकोस."

"सापडली ना चुंबकातली गोम? तरी मी म्हणत होतो!"

"चुंबकं ठीक आहेत रे. नळी फार स्वच्छ झालीय."

तो हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने अर्धं सांगितलं तोवर उरलेलं त्याला उमगलं होतं. त्याने डब्याला झाकण लावलं आणि न जेवताच उठला. संध्याकाळी घरी तो आईशी दाताबद्दल बोलला, बाकी कशाबद्दलच नाही. गुरुवारी तिच्याकडे पाठ करून दिवसभर नळीला कसलासा बारीक व्हॉल्व्ह बसवत होता. आपण तोंड उघडलं ते चुकलंच, असं तिला वाटत राहिलं.

शुक्रवारी प्रमुख आले. निर्वातराव व्हॉल्व्हपाशी बसला होता.

"सोड," तो तिला म्हणाला.

झोत निघाला, भोकाभोवती पसरला. त्याने व्हॉल्व्ह केसभर फिरवला आणि वर्षभर उपसून काढलेली हवा स्वतःच्या हाताने थोडी आत घेतली. काटा लाल रेघेच्या वर चढला. पसरलेला डाग आक्रसत गेला, आणि भोकापलीकडची काच उजळली.

"काय केलंत?" प्रमुखांनी विचारलं.

ती बोलायच्या आत तोच म्हणाला, "सर, चुंबकं पहिल्यापासून बरोबर होती. मीच नको तितकं उपसत होतो. हिने शोधून काढलं."

प्रमुखांनी काचेकडे पुन्हा पाहिलं, दालन तुमचंच म्हणाले आणि गेले.

तो तसाच व्हॉल्व्हवर हात ठेवून बसून राहिला.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. मग लाल रेघेकडे बघत, "पण एक वर्ष गं."

त्याचे डोळे भरून आले होते. नळी आधी इतकी स्वच्छ होती म्हणूनच आज हवी तेवढीच हवा मोजून आत घेता आली, हे तिच्या ओठांवर आलं होतं आणि ते खरंही होतं. पण ते उद्या सांगता आलं असतं. ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली.