मोईजच्या पाकिटातली नाणी

निघोजे गावातल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये वजीरभाई तीस वर्षं नळांना पॉलिश करत आले होते. त्यांच्या हातून मळकी वस्तू कधी बाहेर पडली नाही. घरातली कडी, कुकरचं झाकण, शेजाऱ्याच्या मोटारसायकलचा सायलेन्सर, काही म्हणून सुटायचं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण वजीरभाईंच्या खोडीचं सगळ्यांना कौतुकच होतं.

मुलगा मोईज वेल्डर. कामासाठी तो पार न्यू कॅलेडोनियात गेला, प्रशांत महासागरातल्या फ्रेंचांच्या बेटावर. धाकटी बहीण सादिका तिथली नाणी जमवायची. नवीकोरी नकोत, बाजारात फिरलेलीच हवीत, हा तिचा हट्ट. मोईज येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर नाणी पाठवायचा आणि हे पावाच्या दुकानात मिळालं, हे बसमध्ये, असं फोनवर सांगायचा. सादिका अल्बममध्ये नाण्याखाली तेवढंच लिहायची. नाणं धुवायचं नाही, पुसायचं नाही, हेही तिने अब्बांना सांगितलं होतं. पण यंत्राच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाला घरात निम्मंच ऐकू यायचं, आणि उरलेल्याला ते नुसती मान डोलवायचे.

पुढे तिथली जुनी नाणी बंद होऊन नवी आली. मोईजने सात जुनी नाणी पाकिटात बाजूला ठेवली. ही मी स्वतःच्या हाताने सादिकाला देणार, म्हणाला. दोन वर्षं ती त्याच्या खिशात फिरली. मग रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. दफन तिकडेच झालं, घरच्यांना मूठभर माती द्यायलाही मिळालं नाही. त्याचा तळेगावचा सोबती परत आला, तेव्हा त्याने आणून दिलं ते एवढं पाकीट.

सादिका चिंचवडहून, सासरहून, चाळिसाव्याला येणार होती. वजीरभाईंनी नाणी तळहातावर घेतली. एकावर तीन बैलांची तोंडं, एकावर शिडाची होडी, आणि खाचाखाचांत काळा मळ. पोरीच्या हातात भावाची शेवटची वस्तू अशी द्यायची? मुलगा गेल्यापासून त्यांना रडू आलं नव्हतं, चार शब्द धड बोलता आले नव्हते. चमकवता तेवढं येत होतं. त्यांनी नाणी कामावर नेली, एकेक चिमट्यात धरून पॉलिशच्या यंत्राच्या कापडी चाकावर मन लावून घासली. सातही आरशासारखी झाली.

चाळिसाव्या दिवशी सादिकाने पाकीट उघडलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. वजीरभाईंनी मोठ्या अभिमानाने मीच म्हणून सांगितलं. तिने बैलांच्या तोंडांवरून अंगठा फिरवला. शिंगं झिजून गेली होती, साल पुसट झालं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"यावर भाईच्या बोटांचा मळ होता, अब्बा," ती म्हणाली. "मला तोच हवा होता."

हे मात्र त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तिची आई रोशनबी लेकीला उठवून आत घेऊन गेल्या. वजीरभाई जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या तासभर आधीच ते शेडमध्ये पोचले. कापडी चाक त्यांनी यंत्रावरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि घडी न् घडी उलगडून पाहू लागले. सगळीकडे काळंच काळं होतं. नाण्यांनंतर त्यावर चार दिवसांचे नळ घासले गेले होते, तेही त्यांच्याच हातांनी. नुसत्या काजळीवरून धातू सांगणारा कसबी माणूस, पण आज त्यांना काही उमगेना.

गावातले सोपानराव सुपरवायझर होते. ते आले आणि जवळ उभे राहिले.

"काय हुडकताय, वजीरभाई? चाक खराब झालं आसंल तर नवं हाय की आत."

वजीरभाईंनी चाक छातीशी धरलं. चाळीस दिवस अडलेलं रडू तेव्हा फुटलं.

"माझा पोरगा आहे यात, सोपानराव," ते म्हणाले. "कुठं आहे, ते ओळखता येत नाही."