पपईच्या फोडी

सत्यमनं मधल्या भिंतीवर बोटानं टकटक केली. आवाज पोकळ आला. भिंत नव्हतीच ती, प्लायवूडवर रंग फासला होता. लगेच पलीकडून एक पोरगं ओरडलं, "मावशी, आवाज! पेपर सोडवून राहिलो."

"हाव रे बाबा, हाव," घरमालकीण केवळाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच घरात दबक्या आवाजात बोलू लागल्या. "बघा, हे असं हाय. डाक्टर व्हायला आलेली पोरं ही. इथं भांडं पडलं तरी ह्यांच्या बापाचा फोन येतो मला."

लातुरात आता माणसाला खोली मिळत नाही, कॉटला मिळते. एका खोलीत चार कॉट टाकले की चार बाप भाडं भरतात, तेही वर्षाचं आगाऊ. तिथं नवरा-बायकोला कोण उभं करतं? ही खोली उरली होती ती जिन्याखालची होती म्हणून. छत एका अंगानं इतकं उतरलं होतं की तिथं पोरांना कॉट घालून दिला असता तर आईबापांनी तक्रार केली असती. सत्यम-सुकन्याची तक्रार करायला कोणी नव्हतं.

"दोघंच ना?" केवळाबाईंनी विचारलं.

"दोघंच," सत्यम म्हणाला.

"लेकरू?"

"न्हाई."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहावं चालू हाय."

"अन् अजून न्हाई?" त्यांनी सुकन्याला पायापासून वर न्याहाळलं. नजर पोटापाशी थांबली.

सुकन्यानं पदर ओढून घेतला नाही. ओढला असता तर कळलंच असतं.

तिसरा महिना होता. मागच्या आठवड्यात तिची आई नायगावहून येऊन चोरओटी भरून गेली होती. ही ओटी तशीही गुपचूपच भरायची असते. पण आईनं दार लावून वर खिडकीलाही चादर बांधली, ती काही रीत म्हणून नाही. त्यांच्या राहत्या खोलीच्या मालकालाही कॉट टाकायचे होते आणि महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. नवी खोली शोधताना पहिल्या दोन घरांत सत्यमनं हसत हसत खरं सांगितलं होतं, "आता तिघं होणार आम्ही." दोन्ही घरांची दारं लागली. मग तो हसायचा बंद झाला. क्लासच्या हॉलमध्ये एसी बसवायचं काम त्याचं. दुसऱ्यांच्या लेकरांना गार हवा लावून द्यायची आणि स्वतःच्या लेकराचं नाव तोंडातून काढायचं नाही. आज इथं येताना त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, "विचारलं तर न्हाई म्हण."

"मला तोंडी नको," केवळाबाई म्हणाल्या. "मागं एक जोडपं असंच दोघंच दोघंच करत आलं. दोन महिन्यांत पोट दिसाया लागलं. मग रात्रभर ट्यांहा ट्यांहा. चार पोरं खोली सोडून गेली माझी." मग त्यांनी आत हाक मारली, "दीपमाला, पपई आण गं चिरून."

सून बाहेर आली. तिच्या मागं उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्याखाली गादी गुंडाळून खोचली होती. घरच्या सुनेलाही या घरात खोली उरली नव्हती. तिनं फोडींची ताटली सुकन्याच्या पुढ्यात ठेवली. एकटीच्याच.

"खा," केवळाबाई म्हणाल्या. "घरची हाय."

पपईनं पोट पडतं, हे या भागात शेंबड्या पोरीलाही सांगावं लागत नाही. केवळाबाईंना ठाऊक होतं. सुकन्याला ठाऊक होतं. सत्यमलाही.

"उपास हाय मला," सुकन्या म्हणाली.

"उपासाला चालते की."

सुकन्यानं नवऱ्याकडं पाहिलं. तो उतरत्या छताकडं बघत होता. मग खाली जमिनीकडं. गादी कुठं बसेल तिथं.

"खा की," तो म्हणाला. "मावशी, हिला पपई लई आवडते. माहेरी तर झाडावर पिकू देत नव्हती."

सुकन्याच्या माहेरी पपईचं झाड नव्हतं.

तिनं पहिली फोड तोंडात घातली. गोड होती. केवळाबाईंची नजर तिच्या गळ्यावर होती. घास खाली उतरला तशी त्यांनी ताटली आणखी पुढं सरकवली. "लाजू नको. सगळी खा." ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी कमरेची किल्ली काढून सत्यमच्या हातावर ठेवली आणि पाण्याची टाकी दाखवायला त्याला गच्चीवर नेलं.

सुकन्या तडक मोरीत गेली. वाकली. घशात बोटं घातली.

"ओकू नका," मागून दीपमाला म्हणाली. "काही होत न्हाई त्यानं."

सुकन्यानं वळून पाहिलं.

"मी अख्खी खाल्ली होती. इतक्यात लेकरू नको, असा हुकूम होता आत्याबाईचा. पोटानं ऐकलं न्हाई."

"मग?"

"मग काय. पोरगा झाला. तीन वर्षांचा हाय आता."

सुकन्याची नजर स्वयंपाकघरात फिरली. कुठं लहान झबलं नव्हतं, लहान चप्पल नव्हती, भिंतीवर खडूची एक रेघ नव्हती.

"कुठं हाय तो?"

"धर्माबादला, माझ्या बहिणीकडं. इथं रडतो ना." दीपमालानं ताटली विसळून पालथी घातली. "फोनवर मला मावशी म्हणतो. तिला आई."

जिन्यावर पावलं वाजली. दीपमाला पदरानं हात पुसत आत गेली.

दोघं बाहेर पडली. सत्यम पुढं चालत होता, भराभर बोलत होता. टाकी मोठी हाय, पाण्याचे हाल न्हाईत. खिडकी लहान हाय, पण हाय. सामान एका टेम्पोत बसतंय. गल्लीच्या तोंडाशी येऊन तो थांबला.

"पोटात दुखतंय का गं?"

"न्हाई," ती म्हणाली.

तेवढ्यात कुठला तरी क्लास सुटला. पाठीवर दप्तरं घेतलेला पोरांचा लोंढा त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत गेला. ती दोघं मध्येच उभी राहिली. ती न्हाई म्हणाल्यावर त्याचा चेहरा निवळायला हवा होता. सुकन्या वाट बघत राहिली. तो निवळला नाही.

पोरं पांगली. सत्यम आणखी जवळ आला.

"जरा बी न्हाई?"