ताईला चालत नाही म्हणून

बेडकीचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. सारा जन्म पाण्यात, पोट पोरांना पोहायला शिकवण्यावर. ताईला स्तनाचा कॅन्सर झाला आणि दोष घराण्याच्या रक्तातलाच, दोघी बहिणींत निघाला, तेव्हा बेडकीने शहाणपणा करून पस्तिशीतच अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकलं.

जीव वाचला, पण म्हातारपण दाराशी येऊन बसलं. अंगातून झळा, झोपेचं खोबरं, गुडघे कुरकुरतायत. ज्या पोरांना गोंजारून पाण्यात उतरवायची, त्यांच्यावरच खेकसायला लागली. आणि औषधाचं नाव काढलं की बाईसाहेब मूग गिळून गप्प! शेवटी ताईनेच तिला बखोटीला धरून डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं.

"गर्भाशय नाही, तेव्हा नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी घ्यायला सोपी, पण तिने रक्ताची गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो, आणि तुम्हाला अर्धशिशी आहे. कातडीतून दिलेलं बरं. जेल नाहीतर पट्टी."

"जेल नको," ताई म्हणाली. "ही दिवसभर पोरांना अंगाखांद्यावर घेते. त्यांना लागायचं."

"मग पट्टी. पाण्यात टिकते. पन्नाशीपर्यंत तरी घ्या, हाडांसाठी आणि हृदयासाठी."

"मला नको," बेडकी म्हणाली.

"का गं?"

"कॅन्सरमुळे तुला हे हार्मोन चालत नाही ना!" बेडकीला रडूच फुटलं. "तू शेजारच्या पलंगावर अशाच झळांनी तळमळणार आणि मी खुशाल घोरत पडू?"

"अगं दीडशहाणे," ताई कडाडली, "मला पथ्य म्हणून तू उपाशी राहिलीस तर माझं पोट भरणार आहे का? हेवा वाटेल मला तुझा. रोज वाटेल. वाटू दे! पण तुला अशी झिजताना बघणं मला नाही जमत."

डॉक्टरीणबाई पट्टी लिहून द्यायला लागल्या.

घरी आल्यावर ताईने बेडकीची कंबर कोरडी पुसली, खाली पट्टी लावली आणि तळहाताने दाबून धरली. नेमकी तेव्हाच ताईला झळ आली. चेहरा लालबुंद, मानेवरून घामाच्या धारा. बेडकी घाबरून वळायला गेली.

"हलू नकोस," ताई म्हणाली, "नीट चिकटू दे." आणि दुसऱ्या हाताने पदर हलवत स्वतःला वारा घालत राहिली.