दुधाला नाव

वनिताने कापसाचा बोळा गार पाण्यात बुडवून पिळला आणि भागीच्या सुकलेल्या ओठांवरून फिरवला. आठ वर्षांच्या त्या पोरीने डोळे न उघडताच बोळा ओठांत धरला आणि चोखला.

"पानी दे ना गं."

"देणार. उलट्या थांबू देत, मग पेला भरून देणार. आत्ता या नळीतून जातंय ना तुझ्या अंगात पाणी."

भागी सकाळी नऊच्या सुमाराला डोंगराखालच्या वाडीतून टमटममध्ये आईच्या मांडीवर पडून आली होती. महिनाभर ती सारखं पाणी पीत हंड्याशीच बसून असायची, रात्री अंथरूण भिजवायची आणि खाऊन-पिऊन वाळत चालली होती. दोन दिवसांपूर्वी पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा घरच्यांचा धीर सुटला. दवाखान्यात तिचा श्वास खोल, भराभर चालला होता आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजणाऱ्या यंत्राने आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मापापलीकडे गेली होती. डॉक्टर हर्षलाने मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सल्ल्याने सलाईन सुरू केलं, तासाभराने इन्सुलिनची बारीक धार जोडली आणि वनिताला बजावलं, "दर तासाला साखर बघा, आणि तिला बोलतं ठेवा. डोकं दुखतंय म्हणाली, नाहीतर धड उत्तर देईनाशी झाली, तर मला त्याच क्षणी हाक मारा."

वनिता सोळा वर्षं नर्स होती. पेशंटच्या श्वासाकडे कान ठेवून बाकीचं सगळं बघायची तिला सवय होती. म्हणूनच खाटेच्या पायाशी बसलेल्या मंगळीकडे, भागीच्या आईकडे, तिचं लक्ष गेलं. मंगळीचं पोलकं पुढून भिजलं होतं. ती पदर ओढून झाकत होती आणि पदरही भिजत होता.

बाहेर व्हरांड्यात तान्हं मूल रडत होतं. वनिता दारापर्यंत गेली. मंगळीची सासू, सोनुबाई, अडीच महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन स्टीलच्या डब्यातलं भाताचं पाणी चमच्याने पाजत होती. मूल तोंड फिरवत होतं. पाणी गालावरून मानेत उतरत होतं.

"आजी, हे काय करताय? सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं. वरचं पाणीसुद्धा नाही."

सोनुबाईने मान वर केली नाही. "आयचं दूध नको त्याला."

"का नको?"

म्हातारीने चमचा पुन्हा बुडवला.

वनिताला राग आला. अशा हट्टी सासवा तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. ती आत आली आणि मंगळीसमोर फरशीवरच बसली.

"मंगळी, किती वेळ झाला बाळाला पाजून?"

"कालच्यापासनं नाय पाजलं."

"तुला दुखत असेल गं."

मंगळीचे डोळे भरून आले. "दुकतंय. पन भागीला बी मीच पाजलं ना, अडीच वरस. तिच्या रगतात साकर झाली ती कुटनं आली? आयच्या दुधातनंच ना? आता त्याला बी व्हायचं."

"कोण म्हणालं असं?"

मंगळीने दाराकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग एकदम म्हणाली, "आनि तुमी बी! ही पानी मागते, तिला देऊ नको म्हनता. तो कायबी मागत नाय, त्याला पाज म्हनता. मी कोनाचं आयकू, बाई?"

मंगळीचं म्हणणं खोटं नव्हतं. एक पोर तहानलेली, एक भुकेलं, आणि दोघांमध्ये ही हात बांधून बसलेली.

"ऐक माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्या पोटात मागच्या बाजूला एक पिंड असतो. त्यातून एक रस निघतो. खाल्लेलं अंगी लागतं ते त्या रसामुळे. भागीचा तो रस आटला. तू काय खाल्लंस, काय पाजलंस, त्याने नाही आटला. कुणाच्याच करण्याने नाही. रस नाही म्हणून साखर रक्तातच साचली. तोच रस आता आपण सुईतून देतोय. आणि पाणी आत्ता तोंडाने दिलं तर ती ओकेल, छातीत जाईल. म्हणून नको म्हणते. कायमचं नाही."

मंगळीने ऐकलं. पण ती उठली नाही.

तीन वाजता वनिताने पुन्हा भागीचं बोट टोचलं. आता आकडा दिसला, मोठाच, पण दिसला. तिने पोरीच्या गालावर टिचकी मारली.

"भागी, नाव सांग तुझं. डोकं दुखतंय का?"

पोरगी बोलेना. वनिताने खाटेचा कठडा धरला. "भागी! ए भागी!"

भागीच्या कपाळाला आठी पडली. तिने डोळे किलकिले करून आईला शोधलं.

"आये, त्यो कवाचा रडतोय," ती रागावून म्हणाली. "त्याला घे ना."

वनिताने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. तिने तक्त्यावर वेळ टाकली आणि लिहिलं : पूर्ण शुद्धीवर, सुसंगत बोलते. लिहून वळली तेव्हा मंगळी व्हरांड्यात पोचलेली होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि थोड्या वेळाने रडणं थांबलं. सोनुबाई चमचा हातात धरून दोघांकडे बघत राहिली. तिने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी पहिला पेला पाणी प्यायली, घोट घोट करत, आणि तिने दुसरा मागितला.

आठव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. वनिताने सगळ्यांना समोर बसवून इन्सुलिनचं शिकवलं. सुई कुठे टोचायची, जागा रोज का बदलायची, बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात कशी ठेवायची. ताप आला, जेवण गेलं नाही, तरी मनाने सुई बंद करायची नाही, लगेच इथे यायचं. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर साखर चारायची. मंगळीने पहिली सुई स्वतः टोचली. भागी तोंड वाकडं करून हसली.

सगळे सामान बांधायला गेले. सोनुबाई मागे राहिली.

"बाई, ह्ये औशद नवीन निगालंय का?"

"नाही आजी, जुनं आहे."

"किती जुनं? चाळीस वरसामागं व्हतं?"

वनिताचा हात कागदांवर थांबला. नव्हतं म्हणणं सोपं होतं.

"होतं, आजी. शहरात मिळायचं. आपल्याकडे पोचलं नव्हतं."

म्हातारीने मान हलवली.

"माजी लेक व्हती, चिमा. ह्या भागीवडीच. अशीच पानी पानी करत गेली. समद्यांनी माज्या दुधाला नाव ठिवलं. मग रोहिदास झाला, ह्या भागीचा बाप, तर त्याला मी थेंब नाय पाजला. दुसरीच्या पदराखाली वाडवला." तिने वनिताकडे सरळ पाहिलं. "तुमी मंगळीला सांगत व्हता, तवा मी दारातच व्हते. ते माजं बी तसंच का?"

"तसंच, आजी. तुमच्या दुधात काही खोट नव्हती."

सोनुबाईने पदराने तोंड पुसलं. डोळे नाही, तोंड. नुकतंच जेवण आटोपल्यासारखं.

टमटम फाटकाशी उभी होती. मंगळी बाळाला पाजतच पुढे बसली. भागी आजीच्या शेजारी चढली आणि गाडी सुरू झाली. फाटक बंद करायला गेलेल्या वनिताला म्हाताऱ्या आवाजातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं.

"भागे, तुला एक आत्या व्हती. लई द्वाड. करवंदाच्या जाळीत शिरायची नि समदी झंपरं फाडून यायची..."

"मंग?" भागीने विचारलं.