माती खाणाऱ्यांचे लाड

संशोधक बाईंनी दोन बशांत आतड्याच्या पेशी वाढवल्या होत्या. एकीतल्या पेशींना मातीची अतिसूक्ष्म पूड द्यायची, दुसरीतल्यांना नाही, आणि कोण मरतं ते बघायचं. पण माती खाणाऱ्या पेशींची बाईंना इतकी कीव आली, की पोषक द्रव त्यांनाच रोज आठवणीने घातला. आठवड्याभरात त्या टुणटुणीत झाल्या आणि दुसऱ्या बिचाऱ्या उपाशी मेल्या. बाईंनी कपाळावर हात मारून आईला फोन लावला.

"अगं, जेवू घालायला विसरतं का कुणी?" आई कडाडली.

"धाकटा माती खायचा, तेव्हा तू दिवसभर त्याच्याच मागे असायचीस. मला कोण वाढायचं?"

आई हळूच म्हणाली, "आज जेवलीस का?"