लिंबू आपणहून उचलायचं

आमच्या वस्तादांचा एक नियम होता. दांडपट्ट्यानं लिंबू कापायचं असेल तर ते कुणाच्या हातात नेऊन द्यायचं नाही. मैदानाच्या मधोमध रुमालावर ठेवायचं आणि पट्टा घेऊन गप उभं राहायचं. जिचा आपल्यावर भरवसा आहे ती आपणहून येईल, लिंबू उचलेल, आडवी होईल आणि तळहातावर ठेवेल. कुणी आलंच नाही तर पट्टा खाली ठेवायचा आणि घरी जायचं.

"हाक मारायची न्हाई, डोळ्यानं खुणवायचंबी न्हाई," सयाजी वस्ताद सांगायचे. "जीव हाय त्यो. मागून घ्यायचा नसतो."

वस्ताद फौजेतून हवालदार होऊन आलेले. मारुतीच्या देवळामागं त्यांनी मर्दानी खेळाची तालीम काढली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की पोरींना पण शिकवणार. गाव हसलं. आम्ही दोघी गेलो, मी आणि प्रांजल. आठवीत होतो तेव्हा. आधी दोन वर्षं नुसती लाठी, मग पट्टा. पट्टा हातात आल्यापासून माझं लिंबू दुसऱ्या कुणी उचललेलं मला आठवत नाही.

मी क्रांती. पलूसच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा बारा एकर ऊस, घरात दोन माणसं फौजेत, आणि माझे चुलते शंभूराज म्हणजे गावचं राजकारण. प्रांजलचे आजोबा तात्याबा माणदेशातून मेंढरं खतासाठी उसाच्या रानात बसवायला यायचे. एका वर्षी परत गेलेच नाहीत. ओढ्यापलीकडं तीन एकर घेतलं आणि राहिले. त्याला चाळीस वर्षं झाली, तरी आमच्याकडं त्यांना अजून 'वरून आलेली' म्हणतात. मला या गोष्टी कॉलेजात कळायला लागल्या. त्याआधी मला एवढंच ठाऊक होतं की प्रांजलच्या घरची बाजरीची भाकरी आमच्यापेक्षा चांगली असते आणि तिची आई, राहीबाई, मला कधी उपाशी सोडत नाही.

माझं डोकं लवकर तापतं. वस्ताद म्हणायचे, हिचा पवित्रा झकास, पण ही भांडायला जाते का खेळायला तेच कळत नाही. प्रांजल माझ्या उलट. बोलायची कमी. पट्टा तिच्या हातावर येताना ती डोळे मिटायची नाही, सरळ माझ्या डोळ्यात बघायची. एकदा मी विचारलं, "भ्या वाटत न्हाई व्हय गं?" तर म्हणाली, "तू घाबरलीस तर मला दिसंल की. तवा हात काढून घीन."

बारावीत असताना एक दिवस मी चुकले. घरून भांडून आले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. पट्ट्याचं टोक तिच्या अंगठ्याच्या बुडाला लागलं. रक्त आलं. वस्ताद त्या दिवशी नव्हते, आम्ही दोघीच होतो. गावात कळलं असतं तर पोरींची तालीम त्याच दिवशी बंद झाली असती. प्रांजलनं ओढणी फाडून हात बांधला आणि घरी जाऊन सांगितलं, वैरण कापताना विळा लागला. चार टाके पडले. मी रडत होते आणि वर तीच मला समजावत होती.

"आता तुझं एक माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "माझं एक तू ठिव."

मग तिनं मला साक्षीचं सांगितलं. आटपाडीकडच्या तिच्या मामाची तीन वर्षांची पोरगी साक्षी, ती मामाची नव्हतीच. प्रांजलची सख्खी बहीण होती. मामा-मामीला दहा वर्षं मूल नव्हतं. राहीबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हाच त्यांनी ठरवलं, जे होईल ते भावाच्या ओटीत घालायचं. गावात सांगितलं, बाळ दगावलं. जन्माच्या कागदावर राहीबाईंचं नाव, बाकी सगळीकडं मामा-मामीचं. साक्षी सख्ख्या आईला आत्या म्हणते. "आई तिला आत्या म्हनू देती," प्रांजल म्हणाली, "मग परसात जाऊन तोंड धुती." कुणाला सांगू नको, असं ती म्हणालीसुद्धा नाही. एवढा भरवसा होता बाई माझ्यावर!

मागच्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. काकांनी लगेच काकीचा फॉर्म भरला. काकीला ग्रामपंचायतीचा उंबरा माहीत नाही, पण तो प्रश्नच नव्हता. मग ओढ्यापलीकडच्या लोकांनी राहीबाईंना उभं केलं. त्यांनी बचतगट चालवलेला, तहसीलदारांसमोर उभं राहून टँकर मागितलेला. बायका त्यांच्या बाजूनं बोलायला लागल्या. आमच्या घरात चहाची चव बदलली.

प्रांजल आणि मी तालमीत निवडणुकीचं काही बोलायचो नाही. फक्त एकदा ती हसत म्हणाली, "आई निवडून आली तर तालमीवर पत्रा टाकून घेऊ." मी म्हटलं, "आणि काकी आली तर?" ती म्हणाली, "तर तू टाकून घी." संपला विषय.

अर्ज भरून झाले त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात आठ-दहा माणसं बसली होती. मी चहा घेऊन गेले. कुणीतरी म्हणालं, मेंढरामागं हिंडणाऱ्यांना आता खुर्ची पाहिजे. काका म्हणाले, "आवं, त्या बाईला दिलं तर पंचायतीचं पत्रंसुदिक इकून खाईल. देनं-बिनं त्यांच्या रक्तात न्हाई." सगळे हसले.

माझं डोकं सटकलं. कपबश्या तिथंच आदळल्या आणि म्हणाले, "काका, त्या बाईनं पोटची पोरगी भावाला दिलीया! तिसरी लेक, नऊ महिनं पोटात वाढवून दिली. तुमच्यात हाय का कुनाची छाती? बांधाची वीतभर जमीन सोडवत न्हाई तुमाला!"

मला वाटलं, बरी जिरवली. खरं सांगते, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. पहिल्यांदा त्या माणसांसमोर प्रांजलच्या आईची बाजू कुणीतरी घेतली होती.

काका रागावले नाहीत. चहाचा घोट घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "व्हय? मग मोठंच मन म्हनायचं बाईचं. कुठं झाली गं ही पोरगी?"

"हितंच, सरकारी दवाखान्यात," मी म्हणाले. "कागदावर त्यांचंच नाव हाय. खोटं वाटतंय व्हय?"

"खोटं कशाला वाटंल?" काका म्हणाले.

दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. मूल दत्तक दिलं तरी ते मोजलं जातं. हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात 'सदस्यांची अपात्रता' असा सात मार्कांचा प्रश्न होता आणि मी तो पाठ करून लिहिला होता, सातपैकी सहा मिळाले होते. पण सोप्यात माझ्यासमोर साक्षी होती, राहीबाई होती, परसातलं तोंड धुणं होतं. कायद्याचं कलम कुठं आठवतंय? माझ्या मेल्या जिभेला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे.

छाननीला काकांच्या माणसानं हरकत घेतली आणि जन्माचा दाखला पुढं ठेवला. राहीबाईंना निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, ही मुलगी तुमची का? वस्ताद तिथं होते, त्यांनी मला नंतर सांगितलं. राहीबाईंनी दाखला हातात घेऊन बघितला. नाही म्हणाल्या असत्या तर कदाचित प्रकरण लांबलं असतं, वकील आला असता. पण त्या म्हणाल्या, "माझीच हाय." अर्ज बाद झाला. काकी बिनविरोध सरपंच.

काका पेढे घेऊन घरी आले आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या क्रांतीनं एका वाक्यात इलेक्शन मारलं!"

मी पेढ्याचा बॉक्स भिरकावून दिला. ओरडले, शिव्या दिल्या, आईनं तोंडावर हात दाबला तरी ओरडत राहिले. काका शांतपणे पेढे गोळा करत होते. म्हणाले, "राजकारन हाय ते. तू कॉलेजात त्येच शिकतीस न्हवं का?"

मी ओढ्यापलीकडं गेले. राहीबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. "ये, बस," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. प्रांजल वडिलांबरोबर आटपाडीला गेली होती. दाखल्याचा फोटो काकांच्या पोरांनी मोबाईलवरून गावभर पाठवला होता, तो पाव्हण्यापाव्हण्यांतून साक्षीच्या शाळेपर्यंत पोचला होता. सहा वर्षांच्या पोरीला मधल्या सुट्टीत पोरांनी सांगितलं, तुझी आई तुझी आई नाही.

"सरपंच व्हायचं ऱ्हायलं, त्येचं काय न्हाई गं," राहीबाई म्हणाल्या. "पोरीला मोठी झाल्यावर मी सोताच सांगनार हुते. मांडीवर घिऊन."

कुणी सांगितलं, असं त्यांनी मला विचारलं नाही. मला वाटत होतं विचारावं, केस धरून विचारावं. मी पाणीसुद्धा न पिता उठले.

प्रांजल तालमीत यायची बंद झाली. फोन उचलायची नाही. मी रोज जायचे, एकटीच लाठी फिरवायचे. साताऱ्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, आमच्या जोडीचं नाव कधीच गेलेलं. वस्तादांना मी म्हटलं, नाव काढून टाका. ते म्हणाले, "तिनं मला शब्द दिलाय. ती येईल. लिंबू उचलंल का न्हाई ते तिचं ती बघंल."

ती आली. कराडला गाडी बदलली तेव्हा वस्तादांच्या शेजारी बसली. मी मागच्या बाकावर. साताऱ्यापर्यंत तिची वेणी बघत आले.

मैदान भरलेलं होतं. आमचं नाव पुकारलं. मी मातीला हात लावून कपाळाला लावला, रुमाल अंथरला, लिंबू ठेवलं आणि पट्टा घेऊन मागं सरले. कोपरापर्यंत लोखंडी मूठ, आत हात घामानं भिजलेला. हलगी थांबली. प्रांजल दोरीजवळ उभी होती. मी खाली बघत होते, नियम म्हणजे नियम. मनात म्हणत होते, नको उचलूस, मला हीच शिक्षा बरी. आणि त्याच वेळी देवाला हात जोडत होते की उचलू दे.

मातीत तिची पावलं आली. लिंबू उचललं गेलं.

ती आडवी झाली, हात लांब केला, तळहातावर लिंबू ठेवलं. अंगठ्याच्या बुडाला त्या चार टाक्यांचा व्रण. मी तिच्या डोळ्याकडं बघितलं. डोळे उघडेच होते, पण ती लांब अजिंक्यताऱ्याच्या किल्ल्याकडं बघत होती. माझ्याकडं बघितलंच नाही. मी घाबरलेय का, हात काढून घ्यायचा का, हे तिला बघायचंच नव्हतं.

पट्टा मी कसा फिरवला मला माहीत नाही. लिंबाचे दोन तुकडे झाले, तळहाताला ओरखडासुद्धा नाही. लोक ओरडायला लागले. पंचांनी येऊन तिचा हात उलटसुलट करून बघितला. व्रण दिसला तसे थांबले.

"हे पट्ट्याचं का? आधी कधी लागला होता?"

हो म्हटलं असतं तर आमची जोडी तिथंच बाद झाली असती; आधी इजा झालेल्या जोडीला खेळू देत नाहीत. प्रांजल म्हणाली, "न्हाई सर. वैरन कापताना विळा लागला."

मला तिथंच रडू फुटलं. वाटलं, माफ केलं हिनं. माझं अजून सांभाळलंय, म्हणजे माफ केलं. पहिला नंबर आला, वस्तादांनी दोघींच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी बावळटासारखी हसतेय.

परतीच्या गाडीत मी धीर करून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं पिशवी मांडीवर घेऊन जागा करून दिली.

"प्रांजल, मी तुज्या आईच्या बाजूनं बोलत हुते गं. आईशप्पत."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "वस्तादांनी सांगितलं. सोप्यातली मानसं गावभर सांगत हिंडत हुती."

"मग लिंबू का उचललंस?"

"तुझ्या हाताचं भ्या मला कवाच न्हवतं."

गाडी उंब्रजच्या पुढं आली होती, दोन्ही बाजूंना ऊस. शेवटी विचारलं, "साक्षी कशी हाय?"

"हाय. शाळंत जाती. जेवती." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दिवाळीला आली हुती. आईनं करंजी दिली, तिनं घेतली. पर आता ती आईला आत्या म्हनत न्हाई. 'आई' असंबी म्हनत न्हाई. हाकच मारत न्हाई."

मग तिनं पिशवीतून बाटली काढली, पाणी प्यायली आणि मला दिली. मी घेतली. कराडला गाडी बदलायची होती, ती उठून वस्तादांच्या मागं उभी राहिली.

तेव्हापासून ती तालमीत आलेली नाही. मी रोज संध्याकाळी जाते. वस्ताद लहान पोरींना लाठी शिकवतात. मी रुमाल अंथरते, लिंबू ठेवते, पट्टा घेऊन थोडा वेळ उभी राहते आणि मग पट्टा खाली ठेवून घरी येते.